मॅगझिन व काडतूस यांची सुसंगती

मॅगझिन म्हणजे बंदुकीतील काडतुसे साठवून ती एकामागून एक चेंबरच्या तोंडाशी आणणारी पेटी. तळाची स्प्रिंग काडतुसे वर रेटते, आत वळलेल्या वरच्या कडा ती धरून ठेवतात आणि बोल्ट सर्वांत वरचे काडतूस चेंबरमध्ये ढकलतो. म्हणून काडतुसाची लांबी, व्यास, निमुळतेपणा व बुडाची घडण यांवर पेटीचा आकार ठरतो.

ली-एनफील्ड रायफलीच्या .३०३ काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. १० काडतुसांची पेटी भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे ठेवावी लागते; ती मागे राहिल्यास काडतुसे एकमेकांत अडकतात. १९६२ च्या भारत-चीन युद्धानंतर पश्चिम बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात याच रचनेची, पण ७.६२ × ५१ मिमी. काडतुसाची रायफल तयार झाली. या काडतुसाचा दाब अधिक असतो व त्याला बाहेर आलेली कड नसते. त्यामुळे पोलाद अधिक मजबूत घेऊन पेटीही बदलावी लागली.

काडतूस पेटीत बसले म्हणजे ते त्या बंदुकीत चालेलच असे नाही. चुकीच्या काडतुसाने चेंबर फुटू शकतो. त्यामुळे शस्त्रावर कोरलेले कॅलिबर व काडतुसाच्या बुडावरील खूण जुळणे आवश्यक असते.