दस्ता, बंदुकीचा
बंदुकीची नळी व चाप यांना आधार देणारा, खांद्याला टेकवायचा भाग. परंपरेने अक्रोडाच्या लाकडाचा. उडत्या पक्ष्यांच्या शिकारीमुळे 19व्या शतकात ब्रिटनमध्ये नेमबाजाच्या अंगमापाने दस्ते घडू लागले. शतकअखेरीस मापांसाठी सांधेजोड दस्त्याची चाचणी-बंदूक आली. चापापासून मागील टोकापर्यंतची लांबी साधारण 36 ते 38 सेंमी. गाल टेकण्याची कड नळीच्या रेषेखाली सुमारे 38 मिमी. असते, टाच (मागील टोकाचा वरचा कोपरा) त्याहून खाली. उजव्या खांद्यासाठी दस्ता किंचित उजवीकडे वळवतात. छर्‍याच्या बंदुकीला मागची माशी नसते. ते काम डोळाच करतो, म्हणून कड उंच झाल्यास छर्रे वर जातात. दुर्बीण लावलेल्या रायफलीत मात्र कड मुद्दाम उंच ठेवतात. (→ नेमबाजी, रायफल).