शिपायाच्या डोक्यास बसलेला अदृश्य मार

कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यांतील सैनिक टाकळी हें गांव शिपाईगिरीबद्दल प्रसिद्ध आहे. अशा गांवांतील जुनीं पत्रें जमविणारांस आम्हांस एक सूचना करावीशी वाटते.

लढाईवरून परतलेला पुरुष ‘वेडसर’ किंवा ‘तापट’ झाल्याचा उल्लेख आढळल्यास तो स्वभावदोष मानूं नये. १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी कूट येथील वेढ्यांत तोफांचा मार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजीं शत्रूच्या हातीं पडल्या. ‘शेल शॉक’ ही संज्ञा चार्ल्स मायर्स यांनीं १९१५ सालीं वैद्यकीय लेखनांत आणिली. तींत मेंदूची इजा व मनाचा आघात हीं दोन्हीं मोडत. स्फोटानें कवटी न फुटतांहि मेंदू दुखावतो.

म्हणून कागदांत पुढील गोष्टी शोधाव्या: शुद्ध हरपली काय व किती वेळ, प्रसंगाचें स्मरण तुटलें काय, पुढें डोकेंदुखी, भोवळ, निद्रानाश जडला काय. आजचे वैद्यहि हेंच विचारतात. अर्ध्या तासाच्या आंतील बेशुद्धि व एका दिवसाच्या आंतील विस्मृति ही इजा सौम्य गणली जाते. तींत मेंदूचें चित्र बहुधा निर्दोष निघतें, यास्तव रुग्णाचें व घरच्यांचें कथनच मुख्य प्रमाण.

तथापि हिंवताप, उपासमार व शोक यांतहि यांपैकीं कांहीं लक्षणें दिसतात. सबब केवळ कागदावरून निदान करूं नये. मूळ शब्द जसेच्या तसे उतरून घ्यावे. परंतु पुराव्यावांचून कोणा शिपायास भित्रा ठरवूं नये, इतकीच आमची विनंति.