हापशाचं पाणी

मराठवाड्यातल्या, सोलापूर-नगरकडच्या गावांत पिण्याचं पाणी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या आड, बारव नाहीतर ओढ्यातला झरा. १९७२ च्या दुष्काळानंतर पंधराएक वर्षांत त्यांच्या जोडीला आणि पुष्कळ ठिकाणी त्यांच्या जागी हापसा आला. या बदलाची एक ठरीव कथा आहे: गावकरी अडाणी होते, बोअरच्या पाण्याला नाकं मुरडत होते, मग प्रचार झाला, भिंती रंगल्या आणि लोक शहाणे झाले. ती ऐकायला सोयीची, पण घटनाक्रमाशी जुळत नाही. लोकांनी हापशाकडे पाठ फिरवली तेव्हा त्यांची बरीचशी कारणं रास्त होती. पुढे ते हापशाकडे वळले, त्यात त्यांचं मन बदलण्यापेक्षा यंत्र बदलल्याचा वाटा मोठा होता.

बारवेची बाजू आधी ऐकून घ्यायला हवी. पायऱ्यांच्या विहिरीत पाणी किती उरलंय ते वरून दिसतं. दोर लागत नाही, रहाट लागत नाही, एकटी म्हातारी बाईसुद्धा खाली उतरून घागर भरू शकते. आणि बारव कधी ‘बिघडत’ नाही. आटते, पण ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आणि हळूहळू. तिचा दोषही याच रचनेत होता. बाई घोटाभर पाण्यात उभी राहून घागर बुडवते, तिच्या पायावरच्या फोडाला पाणी लागतं आणि फोडातली नारूची मादी त्या पाण्यात हजारो अळ्या सोडते. सायक्लॉप्स नावाचा बारीक जलजीव त्या अळ्या गिळतो आणि न गाळलेल्या पाण्याबरोबर माणसाच्या पोटात जातो. सुमारे वर्षभरानं पायाच्या कातडीतून पांढरा दोरा डोकं काढतो. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. मध्येच तुटला की पाय सुजून माणूस ऐन कामाच्या दिवसांत खाटेला खिळायचा. पोहऱ्यानं शेंदायच्या, कठडा असलेल्या आडात हा फेरा तुटतो, कारण तिथे पाय पाण्यापर्यंत पोचतच नाहीत. तरीही पुस्तकी हिशेबात वाईट ठरलेली बारव लोकांनी सहजी सोडली नाही, कारण नारू वर्षानं दिसतो आणि तहान आज लागते.

दुष्काळात हवेच्या दाबावर चालणारी खोदयंत्रं आली. त्यांनी काळ्या कातळात एक-दोन दिवसांत दोनशे फुटांचं भोक पाडणं शक्य केलं. हाती खणलेल्या विहिरीला कातळ लागला की जिथे थांबावं लागे, तिथून पुढे हे यंत्र सुरू व्हायचं. मात्र त्या भोकावर जो पंप बसवला जाई, तो ओतीव लोखंडाचा आणि एका घराच्या परसात चालेल अशा बेताचा. त्यावर दिवसभर अख्खं गाव हापसत राही. सांध्यांत झीज होई, दांडा खिळखिळा होई, तो तुटला की दुरुस्तीला तालुक्याहून कोणी येईतो महिने जात. १९७४ च्या सुमाराला झालेल्या पाहणीत असे जवळजवळ तीन चतुर्थांश पंप बंद आढळले. गावानं अशा यंत्रावर विसंबून जुनी विहीर बुजवावी, ही अपेक्षाच मुळात अव्यवहारी होती. बाया परत पायऱ्या उतरू लागल्या आणि कागदोपत्री त्याची नोंद ‘लोकांची उदासीनता’ अशी झाली.

उत्तर दिल्लीहून आलं नाही, ते इथल्याच कारखानदारीतून निघालं. जालन्याच्या स्कॉटिश मिशनच्या लोकांनी ओतीव लोखंडाऐवजी पोलादी पत्र्या-नळ्यांचा, एकाच कण्यावर फिरणारा पंप जोडला. सोलापूर वेल सर्व्हिसनं त्याच वाटेनं पुढे जाऊन ‘सोलापूर पंप’ घडवला. त्यात दांड्याच्या टोकाला वर्तुळाच्या तुकड्यासारखी चाप असे आणि तिच्यावरून साखळी सुटे. त्यामुळे खालचा गज वाकडा न ओढला जाता सरळ वर-खाली होई. पंपाचं खोड बोअरच्या नळीला न जखडता भोवतालच्या काँक्रीटमध्ये रोवलेलं असे. परिणामी दांड्याचा हिसका नळीला बसत नसे आणि वर सांडलेलं पाणीही परत बोअरमध्ये झिरपत नसे. युनिसेफच्या मदतीनं यावरूनच ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात कोइमतूरकडे त्याच्या चाचण्या झाल्या आणि पुढे आफ्रिकेतल्या गावांपर्यंत तो पोचला. जगात सर्वांत जास्त वापरल्या गेलेल्या हातपंपांत ज्याची गणना होते, त्याची मुळं जालना-सोलापुरात आहेत, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत असायला हरकत नव्हती.

यावर कोणी म्हणेल, चव, विटाळ, जात यांचं काय? ते सगळे बहाणे होते काय? एकेक तपासू. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, ही बायकांची तक्रार अनेक ठिकाणी हसण्यावारी नेली गेली. पण जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमनं डाळ खरोखरच निबर राहते. स्वयंपाकघरातली परीक्षा इथे बिनचूक होती. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत तर बोअरच्या पाण्यात फ्लोराइड निघालं आणि पोरांचे दात पिवळे-तपकिरी पडले. म्हणजे ‘सुरक्षित’ म्हणून दिलेल्या पाण्याविषयी संशय घेणं सरसकट वेडेपणाचं नव्हतं. विटाळाचं कारण मात्र मला लटकं वाटतं. पंपातल्या चामडी वायसरनं पाणी बाटतं, असा आक्षेप सांगितला जातो. पण ज्या शेतकऱ्यांनी चामड्याच्या मोटेचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या ओंजळीनं प्यायलं, त्यांना वायसरचीच शिसारी यावी हे पटत नाही. चामडं चालत होतं. चालत नव्हता तो हात.

आणि जातीचा मुद्दा बहाणा नव्हता, वस्तुस्थिती होती. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ ला झाला, तरी २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. अर्धशतकानंतर हापशाचा दांडा कोणी धरायचा, हा प्रश्न पुष्कळ गावांनी सोडवला नाही, टाळला: एक बोअर गावात, एक दलित वस्तीत. पोहरा, दोर, विहिरीचा काठ यांची वाटणी अवघड होती, बोअरची सोपी निघाली. हापसा इतका बिनबोभाट रुजला, याचं श्रेय काही अंशी या सोयीस्कर फाळणीला जातं. मग इथे मन बदललं असं कसं म्हणायचं? वस्तीतल्या बाईला मात्र आता काठावर उभं राहून कोणीतरी आपल्या घागरीत वरून पाणी ओतण्याची वाट पाहावी लागत नव्हती, आणि तो लाभ छोटा नव्हता.

प्रचाराची बाजू नाकारता येत नाही. १९८० च्या दशकात सुरू झालेल्या राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रमात पाणी कापडानं गाळायला शिकवलं गेलं, पायऱ्यांच्या विहिरींना कठडे बांधून त्यांचे आड केले गेले, पाण्यात औषध टाकलं गेलं. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ ला राजस्थानात सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. तरी ‘पायरी उतरू नका’ हे सांगणं कधी फळतं, तर वर चालू हापसा असतो तेव्हा. तो बंद असेल तर त्या उपदेशाचा अर्थ ‘तहानलेले राहा’ असा होतो. पंप टिकू लागला आणि गावातलाच कोणीतरी त्याचा नटबोल्ट आवळू लागला, तेव्हा कुठे प्रचाराच्या शब्दाला वजन आलं.

हापसा मागे पडला तोही बारवेच्या ओढीनं नाही. घरात नळ आला की कोण हापसत बसेल? पण नळयोजना नसलेल्या किंवा वीजबिलापायी बंद पडलेल्या गावांतही आज कोरडे हापसे दिसतात, आणि त्याचं कारण जमिनीखाली आहे. ज्या खोदयंत्रानं गावाला पिण्याचं पाणी दिलं, तेच यंत्र नंतर उसाच्या, द्राक्षांच्या, मोसंबीच्या मालकांनी भाड्यानं आणलं. मार्क टू साधारण दीडशे फुटांपर्यंतचं पाणी ओढण्यासाठी बनवलेला. शेतातले बोअर त्याच्या कितीतरी खाली गेले. पिण्याच्या सार्वजनिक उद्‌भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून विहीर खोदू नये, असा कायदा महाराष्ट्रानं १९९३ सालीच केला. त्याची अंमलबजावणी फारशी झाली नाही. जालना मोसंबीसाठी प्रसिद्ध झाला आणि बागा जगवायला शेतकरी दर उन्हाळ्यात आणखी खोल बोअर घेत राहिले.