यंत्राचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द कानी पडला की आपल्या डोळ्यांसमोर देऊळ उभे राहते. ढासळलेले शिखर पुन्हा बांधणे, पडलेली ओवरी सावरणे हे आपल्याकडे पुण्यकर्म मानले गेले, आणि अहिल्याबाई होळकरांनी तर ते काशीपर्यंत जाऊन पोहोचविले. परंतु ज्याने जुनी देवळे डोळसपणे पाहिली आहेत, त्याला जीर्णोद्धाराची दुसरी बाजूही ठाऊक असते. काळ्या पाषाणाच्या कोरीव खांबांवर हिरव्यापिवळ्या तैलरंगाचे थर चढतात, शिलालेखावरून चुन्याचा कुंचला फिरतो. करणाऱ्याचा हेतू शुद्ध असतो. पण देवळाचा उद्धार होतो आणि इतिहास मात्र पुसला जातो. आज मला जे सांगावयाचे आहे ते देवळाविषयी नसून मोटारसायकलीविषयी आहे. इतिहासाच्या व्यासपीठावर फटफटीचे काय काम, असे कोणाच्या मनात आले तर त्यात नवल नाही. पण पडवीत वर्षानुवर्षे गंजत पडलेली जुनी मोटारसायकल हा एक अस्सल ऐतिहासिक कागद आहे, आणि ती दुरुस्त करावयास बसणारा मनुष्य, त्याला कळो वा न कळो, इतिहासकाराच्या आसनावर बसलेला असतो.

उदाहरण आपल्या परिचयाचेच घेऊ. ‘बुलेट’ ही गाडी आपल्या गावोगावी इतकी मुरली आहे की तिचे मूळ परदेशी आहे, हेच आपण विसरून गेलो आहोत. इंग्लंडातील रेडिच हे तिचे माहेर. हे गाव मुळात सुया करणारांचे. तेथे पुढे सायकली होऊ लागल्या. मग एन्फील्ड येथील सरकारी बंदुकीच्या कारखान्यासाठी सुटे भाग करण्याचे काम मिळाले, आणि त्यावरून ‘रॉयल एन्फील्ड’ हे नाव पडले. या कंपनीची पहिली मोटारसायकल १९०१ सालची. ‘बुलेट’ हे नाव १९३२ साली आले, आणि आज आपण जिला बुलेट म्हणतो त्या ३४६ घनसेंटिमीटरच्या गाडीचा घाट दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८-४९ च्या सुमारास ठरला. भारतीय सेनेला सरहद्दीवरील गस्तीसाठी दणकट गाडी हवी होती. तिने बुलेट पसंत केली. त्या मागणीतून १९५५ साली रेडिचची कंपनी व मद्रास मोटर्स यांनी मिळून ‘एन्फील्ड इंडिया’ स्थापन केली, आणि मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथे कारखाना उभा राहिला. प्रथम विलायतेहून आलेले भाग येथे जोडले जात. पुढे साचे आणि यंत्रसामग्रीही आली, आणि गाडी येथेच घडू लागली.

यानंतर जे घडले ते इतिहासाच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. रेडिचचा कारखाना १९६७ साली बंद पडला आणि १९७० पर्यंत इंग्लंडातील उरलेसुरले उत्पादनही थांबले. मद्रासला मात्र पन्नाशीतल्या घाटाची तीच गाडी फारसा फेरफार न होता बनतच राहिली. १९७७ साली ती उलट इंग्लंडात निर्यात होऊ लागली, आणि ज्या इंग्रज शौकिनांच्या घरी रेडिचच्या जुन्या गाड्या सुट्या भागांवाचून अडून पडल्या होत्या, त्यांना मद्रासचे कित्येक भाग उपयोगी पडले. मूळ पोथी हरवावी आणि दूरच्या मठात कोणी केलेल्या नकलेवरून तिची फाटकी पाने पुरी करावीत, तसाच हा प्रकार झाला. नक्कल म्हणून जिची हेटाळणी व्हावयाची, तिनेच अस्सलाला जगविले!

आता अशी एखादी जुनी बुलेट आपल्यापुढे आहे असे समजू. टाकी गंजली आहे, सीट उंदरांनी कुरतडले आहे, इंजिन जाम झाले आहे. हौशी मनुष्याचा पहिला उत्साह असा की तिला पाण्याने धुवावे आणि किक मारून पाहावे. जाणता मिस्त्री या दोन्ही गोष्टी करीत नाही. तो आधी पाहतो. इंजिनवरचा आणि सांगाड्याच्या मानेवरचा क्रमांक टिपून घेतो. कोणता भाग कोठे, कोणत्या बोल्टाने बसविला आहे, याची छायाचित्रे काढतो. मग प्लग काढून सिलिंडरात पातळ तेल ओततो आणि चार दिवस, प्रसंगी आठ दिवस, स्वस्थ बसतो. तेल हळूहळू गंजात शिरते. त्यानंतर गाडी वरच्या गियरमध्ये टाकून मागचे चाक हलक्या हाताने मागेपुढे हालविले की अडलेला दट्ट्या सुटू लागतो. जोराने लाथ मारणारा मनुष्य दट्ट्याची कडी तरी मोडतो, नाहीतर सिलिंडरला ओरखडा तरी पाडतो. घाईने मोडलेला पुरावा पुन्हा मिळत नाही, हे सूत्र उत्खनन करणाराला जितके लागू, तितकेच येथेही लागू आहे.

टाकीच्या रंगाकडे पाहा. बारीक पॉलिश कागदाने एखाद्या कोपऱ्यात हळुवार घासले तर वरच्या लाल रंगाखाली काळा लागतो, काळ्याखाली कधी कधी लष्करी हिरवा लागतो. म्हणजे ही गाडी सेनेतून लिलावात निघाली, कोणी नागरिकाने ती घेतली, पुढे ती तिसऱ्याकडे गेली. गाडीचे सारे चरित्र त्या नखाएवढ्या जागेत थरांनी लिहिलेले असते. रंग उतरविणारे जहाल औषध टाकीवर ओतले की पाच मिनिटांत ते चरित्र गटारात वाहून जाते.

आणि बोल्ट पाहा. पुष्कळांना वाटते की बोल्टासारखी नगण्य वस्तू ती कोणती! पण जुन्या बुलेटचे आटे आजच्या मेट्रिक मापाचे नाहीत. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रज्ञाने १८४१ साली आट्यांचे एक सर्वमान्य माप सुचविले. त्या घराण्यातले काही आटे या गाडीत आहेत. त्यांच्या जोडीला इंचाला २६ असे बारीक आटेही सापडतात, आणि हे माप सायकल करणारांनी ठरविलेले. मोटारसायकलीत ते कोठून आले? ती करणारे मूळचे सायकलवाले होते म्हणून. आपल्या देशाने १९५६ च्या कायद्याने दशमान वजनेमापे स्वीकारली, तरी बुलेटच्या अंगात इंची आटे पुढे कित्येक वर्षे नांदत होते. ज्याच्यापाशी इंची पाने नाहीत तो मेट्रिक पाना लावून नटाचे कोपरे गोल करून टाकतो, मग छिन्नीहातोडी घेतो, शेवटी भोक मोठे करून नवा बोल्ट ठोकतो. गाडी चालू होते खरी. परंतु सायकलीच्या धंद्यातून मोटारसायकल कशी जन्मली, याची साक्ष देणारा एक साक्षीदार कायमचा गेलेला असतो.

आता एक अवघड प्रश्न. पेट्रोल महागले तेव्हा कित्येकांनी बुलेटचे मूळ इंजिन काढून तेथे डिझेलचे लहान इंजिन बसविले. हा प्रकार इतका रूढ झाला की पुढे कंपनीनेही ‘टॉरस’ नावाची डिझेल बुलेट बाजारात आणली. मिस्त्रीने बदललेली अशी एखादी गाडी हाती आली तर ते डिझेल इंजिन फेकून देऊन पुन्हा १९५५ सालचे रूप द्यावयाचे काय? शुद्धतेचा आग्रह धरणारे होय म्हणतील. मला ते पटत नाही. ते डिझेल इंजिन हाही इतिहासच आहे. रेडिचचा नसेल, पण आपल्या शेतकऱ्याचा, दूधवाल्याचा आणि तालुक्याच्या गावच्या मिस्त्रीच्या अकलेचा आहे. कारखान्यातून बाहेर पडल्याचा दिवस तेवढा खरा आणि नंतरची पन्नास वर्षे खोटी, असे कोणत्या न्यायाने म्हणावयाचे?

जगात याचा विचार झालेला आहे. इंग्लंडात १९४६ साली, महायुद्ध संपताच, जुन्या मोटारसायकलींच्या प्रेमिकांनी आपला क्लब काढला. तेथील रूढ परिभाषेत ‘व्हिंटेज’ म्हणजे १९३० पर्यंतची गाडी. आपण मात्र हा शब्द सैलपणे वापरतो. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली ‘तुरिनची सनद’ मान्य केली. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली व्हेनिस येथे जी सनद झाली, तिचेच तत्त्व येथे वाहनांना लावले आहे. तिचे सार असे, की जतन आधी आणि जीर्णोद्धार नंतर. जे केले त्याची नोंद ठेवा. आणि वाहनाने वापरात असताना अंगावर घेतलेल्या काळाच्या खुणा उगाच पुसू नका. आपल्या सरकारनेही २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी नोंदणीचे वेगळे नियम केले. अशा गाडीच्या सांगाड्यात वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, ही त्यातली अट आहे. म्हणजे मूळपण जपणे ही आता केवळ रसिकतेची गोष्ट राहिली नाही. कायदाही तेच विचारतो. मात्र आताच वर्णिलेल्या डिझेलच्या बुलेटला या अटीत जागा मिळणे कठीण, हेही सांगितले पाहिजे. कायद्याची मोजपट्टी आणि इतिहासाची मोजपट्टी नेहमीच एक असते असे नाही.

मूळ वस्तू गेली म्हणजे काय जाते, हे समजण्यास एकच दाखला पुरे. डाइमलर आणि मायबाख यांनी १८८५ साली जर्मनीत पेट्रोलवर चालणारी जी लाकडी दुचाकी केली, तिला पुष्कळ जण पहिली मोटारसायकल मानतात. ती १९०३ साली कानश्टाट येथील कारखान्याच्या आगीत जळाली. आज संग्रहालयांतून दिसतात त्या साऱ्या प्रतिकृती. त्या सुंदर आहेत. पण त्या लाकडावर कोणत्या हत्याराच्या खुणा होत्या, कोठे खिळा चुकून दुसऱ्यांदा मारला होता, हे त्या सांगू शकत नाहीत. आपल्याला जे आधीच ठाऊक आहे तेवढेच प्रतिकृती सांगते. जे ठाऊक नाही ते सांगण्याचे सामर्थ्य अस्सलातच असते.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून अस्सल पत्र आणि बखर यांतला भेद महाराष्ट्राला समजू लागला. बखर रसाळ असते, तिच्यात वीर अधिक वीर दिसतो. पत्र रूक्ष असते, कोपऱ्यात कसर लागलेली असते, पण ते त्या दिवसाचे असते. रस्त्यावर आज ज्या चकचकीत ‘नव्या केलेल्या’ जुन्या गाड्या दिसतात, त्यांतल्या पुष्कळ बखरी आहेत. ज्या क्रोमची झळाळी मूळ कारखान्याला कधी साधली नव्हती ती त्यांवर आहे, आणि कधी नव्हता असा रंग त्यांना दिला आहे. बखर लिहूच नये असे मी म्हणत नाही. ती लिहिण्यासाठी अस्सल पत्र फाडू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

याहून मोठी चिंता दुसरीच आहे. गाडी गंजली तर गंज काढता येतो. परंतु अॅमीटरचा काटा मध्यावर आला की दट्ट्या कोठे आहे हे ओळखणारा, आवाजावरून झडपेचा फरक सांगणारा, रेघा हाताने ओढणारा कारागीर म्हातारा होत चालला आहे, आणि त्याची विद्या कोठेही लिहिलेली नाही. आपल्यापैकी कोणाच्या पडवीत अशी गाडी पडली असेल, तर तिला हात लावण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. तिचे क्रमांक, कागद आणि ती कोणी कोणी वापरली याची हकीकत एका वहीत लिहून काढावी. आणि गावातल्या सर्वांत जुन्या मिस्त्रीला घरी बोलावून, चहा देऊन, तो काय सांगतो ते त्याच वहीत उतरवून घ्यावे. रंग पुढच्या वर्षीही देता येईल. मिस्त्रीला मात्र याच वर्षी विचारावे.