खोटा म्हटलेला रिपोर्ट

थोडं लांब लिहितोय, पण वाचा. विशेषतः ज्यांच्या घरात कुणाचं ‘पोट टिकत नाही’ त्यांनी.

१९०६ साली जर्मनीत वासरमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरमी, म्हणजे सिफिलिस ओळखण्याची रक्ततपासणी काढली. १९४१ मध्ये अमेरिकेत मेरी पँगबॉर्न या बाईंनी गुरांच्या हृदयातून कार्डिओलिपिन नावाचा पदार्थ वेगळा केला आणि तपासणी बरीच सुधारली. गरोदर बाईच्या फायलीत आजही असते ती व्हीडीआरएल याच घराण्यातली.

घोळ असा की, गरमी नसलेल्या काहींचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह यायचा. डॉक्टर त्याला ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ म्हणायचे. डॉक्टरांपुरतं ठीक. पण घरात?

नव्वदच्या दशकात माझ्या मावसबहिणीचे दोन गर्भ पाचव्या महिन्यात गेले. तिसऱ्या खेपेला व्हीडीआरएल पॉझिटिव्ह. खात्रीची दुसरी तपासणी कुणी सांगितलीच नाही. सासूने कागद मावशीपुढे टाकला, म्हणाली, ‘तुमची पोरगी घेऊन जा.’ नवऱ्याचं रक्त तपासा, असं एकानेही म्हटलं नाही.

आणि तेव्हा हे कोडं सुटलेलं होतं, हो! १९५२ मध्येच मूर आणि मोर यांनी दाखवलं होतं की, असा रिपोर्ट वर्षानुवर्षं येत राहिला तर त्यामागे ल्युपससारखा आजार असू शकतो. म्हणजे शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःवरच उलटलेली. त्याच साली कॉनली आणि हार्टमन यांना ल्युपसच्या दोन रुग्णांचं रक्त नळीत गोठायला उशीर लागतो असं दिसलं. १९७२ मध्ये त्याला ‘ल्युपस अँटिकोॲग्युलंट’ नाव पडलं, म्हणजे रक्त गोठू न देणारं. नाव साफ उलटं! नळीत उशीर, पण अंगात मात्र गुठळ्या. पायात, मेंदूत. गरोदरपणी तर वारेलाच इजा होते आणि बाळाचं पोषण तुटतं.

१९८३ मध्ये लंडनमध्ये ग्रॅहम ह्यूज यांनी हे सगळं एका आजारात बांधलं. नायजेल हॅरिस आणि सहकाऱ्यांनी कार्डिओलिपिनविरोधी प्रतिपिंडांची नेमकी तपासणी तयार केली. १९९७ मध्ये लंडनच्याच राज राय, लेस्ली रीगन वगैरेंनी वारंवार गर्भपात झालेल्या अशा ९० बायकांवर अभ्यास केला. नुसत्या ॲस्पिरिनवर ४२ टक्के जणींना जिवंत मूल झालं. सोबत हेपरिनची इंजेक्शनं दिली तेव्हा ७१ टक्के. (स्वतःच्या मनाने गोळ्या सुरू करू नका, डॉक्टरांना विचारा.)

दहा आठवड्यांनंतर व्यवस्थित वाढलेला गर्भ कारणाशिवाय गेला, किंवा त्याआधीचे सलग तीन गेले, तर ही तपासणी मागा. पॉझिटिव्ह आली तर निदान १२ आठवड्यांनी पुन्हा करायची असते.

ताईने आता पन्नाशी ओलांडलीय. ती परत सासरी गेली नाही. मावशी वारल्यावर ट्रंकेत तो रिपोर्ट सापडला, चार घड्या घातलेला. खाली छापील ओळ होती: खात्रीसाठी पुढील तपासणी करावी.