माझदा एमएक्स-५ : घरगुती देखभाल व सुधारणा

माझदा एमएक्स-५ : जपानच्या माझदा कंपनीची दोन आसनी, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती प्रथम दाखवण्यात आली. अमेरिकेत ती मियाटा, तर जपानात सुरुवातीला युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली. एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी तयार झाली. भारतात कंपनीने ती कधी विकली नाही. इकडे माझदा हे नाव माहीत झाले ते स्वराज माझदाच्या बस-टेम्पोंवरून.

गाडीची मांडणी साधी आहे. इंजिन पुढे उभे, जोर मागच्या चाकांना, पहिल्या पिढीचे वजन टनाच्या आसपास. त्यामुळे ऑइल, प्लग, ब्रेकपॅड ही कामे मालक घरीच करतात. मात्र गाडीखाली शिरण्यापूर्वी ती स्टँडवर टेकवलेली हवी. नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नये.

पहिल्या पिढीत (१९८९–९७) टायमिंग बेल्ट साधारण ९६,००० किलोमीटरला बदलतात. तो तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळत नाहीत, गाडी फक्त बंद पडते. पाण्याचा पंप काढायला बेल्ट उतरवावाच लागतो, म्हणून दोन्ही कामे एकदम उरकणे शहाणपणाचे. इंजिनाच्या मागच्या बाजूला ऑइल दिसले, तर बहुधा कॅम सेन्सरची रबरी रिंग कडक झालेली असते. रिंग स्वस्त, पण तिथवर हात पोचवणे जिकिरीचे. क्लचचा खालचा सिलिंडरही हमखास गळतो. रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी तपकिरी पडू लागली की ती तडकण्याची वाट पाहू नये.

सर्वांत दुर्लक्षित काम मात्र इंजिनात नाही. टपावरचे पाणी आसनांमागच्या बारीक नळ्यांतून खाली जाते. त्या पालापाचोळ्याने तुंबल्या की पाणी आत साचते आणि दाराखालचे पत्रे आतून गंजतात. वर्षातून एकदा नळ्या मोकळ्या करण्यापलीकडे यात काही नाही, आणि तेवढेच न झाल्याने कितीतरी गाड्या वाया गेल्या आहेत.

सुधारणांत टायर, शॉकअॅब्सॉर्बर आणि रोलबार यांचा मान आधी. पहिल्या पिढीत पुढे-मागे दुहेरी विशबोन सस्पेन्शन असल्याने चाकांची अलाइनमेंट नीट लावली, तरी वळणावरचा फरक लगेच जाणवतो. सुरुवातीचे १.६ लिटर इंजिन जेमतेम ११५ अश्वशक्तीचे. म्हणून टर्बोचा मोह होतो. इथे एक मूळ अडचण आहे. हे इंजिन ज्या घराण्यातले, ते पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत आडवे बसवण्यासाठी आखलेले. इथे ते उभे केल्यावर पाण्याची ये-जा पुढच्या टोकालाच राहिली आणि चौथा सिलिंडर अधिक तापू लागला. टर्बो लावणारे जाणकार आधी पाण्याची वाट मागून काढतात. जुन्या रेडिएटरवर टर्बो चढवणे म्हणजे पैशांनी इंजिन जाळणे.

२०१५ पासूनच्या चौथ्या पिढीत बेल्टऐवजी चेन आहे, स्टिअरिंगला विजेची मदत आहे आणि इंधन मोठ्या दाबाने थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते. ऑइल, फिल्टर, ब्रेक अजूनही घरी करता येतात. इंधनाच्या नळ्यांना मात्र आतला दाब उतरवल्याशिवाय हात लावू नये. २०१९ च्या बदलात दोन लिटर इंजिन ७,५०० फेऱ्यांपर्यंत जाऊ लागले, त्यामुळे अनेकांना ताकद वाढवण्याची निकड वाटत नाही.

जुन्या गाड्यांसाठी माझदाने २०१७ मध्ये जपानात पुनर्बांधणी सेवा जाहीर केली आणि पहिल्या पिढीचे कापडी टप, लाकडी स्टिअरिंग व मूळ मापाचे टायर पुन्हा बनवून घेतले.