शिरेतील नळी आणि सोनोग्राफीचा कायदा

हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत लवचीक नळी सरकवून तिच्यातून औषध देण्याची पद्धत, जिला रुग्णालयांत ‘सेंट्रल लाइन’ म्हणतात, ती प्रतिमेच्या आधाराने रुजली. 1929 मध्ये जर्मनीतील एबर्सवाल्ड येथील तरुण डॉक्टर वेर्नर फोर्समान यांनी मूत्रमार्गासाठी वापरली जाणारी नळी स्वतःच्या कोपराजवळच्या शिरेतून 65 सेंटिमीटर आत सारली आणि तिचे टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यात पोचल्याचे क्ष-किरण छायाचित्र काढून घेतले; त्या छायाचित्राविना त्यांच्या म्हणण्याला पुरावा उरला नसता. 1956 च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

तरीही पुढची अनेक दशके ही प्रतिमा घडून गेलेल्या गोष्टीचीच साक्ष देत राहिली. डॉक्टर मानेचे स्नायू आणि हासळीचे हाड चाचपून सुई टोचत, आणि ती चुकून धमनीत शिरली किंवा फुप्फुसाला लागून छातीत हवा साठली, तर क्ष-किरण चित्र ते नंतर सांगे. सोनोग्राफीने, म्हणजे ध्वनिलहरींनी शरीराच्या आतले चित्र दाखविणाऱ्या तंत्राने, हा क्रम उलटविला. मानेवर यंत्राचा प्रोब हलका दाबला की पडद्यावर शीर चपटी होते, शेजारची धमनी मात्र गोल राहून धडधडत असते, आणि सुईचे टोक कोणत्या वाटेने चालले आहे हे टोचतानाच दिसते. 2002 मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने मानेतील शिरेसाठी हीच पद्धत सुचविली. त्याच सुमारास पनवेल तालुक्यातील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राचे कर्करोग उपचार व संशोधन केंद्र उभे राहिले, आणि रक्ताच्या कर्करोगावरील दीर्घ उपचारांत अशा नळीची गरज अनेकदा पडते.

महाराष्ट्रात मात्र सोनोग्राफीच्या यंत्राला दुसराही इतिहास आहे, आणि तो अधिक वेदनादायक आहे. आधी गर्भजलाच्या तपासणीने आणि पुढे त्याच पडद्यावर पाहून गर्भाचे लिंग ओळखून मुलींचे गर्भ पाडले जाऊ लागले; ते रोखण्यासाठी देशात सर्वप्रथम या राज्याने 1988 मध्ये गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला. 1994 मध्ये केंद्राचा कायदा आला, आणि मुंबईची ‘सेहत’ व पुण्याची ‘मासूम’ या संस्था आणि कार्यकर्ते साबू जॉर्ज यांनी 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाद मागितल्यानंतर तो 2003 पासून अधिक कडक झाला. अशा यंत्रांची नोंदणी सक्तीची झाली आणि हाताने नेता येणाऱ्या यंत्रांवर 2012 च्या नियमांनी विशेष बंधने घातली. या कडकपणाची किंमत मोजण्याजोगीच होती, कारण दुसऱ्या बाजूला न जन्मलेल्या मुली होत्या. पण तिचा भार भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभागातील डॉक्टरांवरही पडला. नोंदणी जागेशी बांधलेली असल्याने, नोंदणीकृत फिरत्या वैद्यकीय पथकाचा अपवाद सोडला, तर पनवेलच्या रुग्णालयातील यंत्र चिरनेर गावातल्या रुग्णाच्या घरी नेता येत नाही. रुग्णालाच यंत्रापाशी आणावे लागते.